पंधरा हातांचं भुयार

औरंगाबादच्या माणसाला लेणी दाखवायला नेणं म्हणजे नागपूरकराला संत्रं सोलून देणं. हे मला कळत होतं आणि माझ्या नवऱ्यालाही कळत असावं. पण पाहुण्यांनी आल्या आल्या, चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारलं होतं, "तुमच्या ठाण्यात बघण्यासारखं काय आहे हो?" त्यावर आमच्या घरात जी शांतता पसरली, ती नवऱ्याच्या मनाला लागली. म्हणून हा प्रवास घडला. तो एका दिवसाचा आणि तीस-पस्तीस किलोमीटरचा होता. तुम्ही तिथे गेला नसाल, जाण्याची फारशी गरजही नाही, म्हणून लिहून ठेवते.

खोपट

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. खोपटला एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो. मी, माझा नवरा अरविंद (लिहिताना नाव घेते, घरात अजून 'अहो'च आहे), नववीतली आमची मनू, आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय पंचाहत्तरीच्या आसपास, गुडघे बोलके, कान तिखट. पाहुणे म्हणजे अरविंदची मोठी बहीण नलूताई आणि तिचे यजमान दिनकरराव.

ते नुसते भेटायला आले नव्हते, आईंना कायमचं न्यायला आले होते. नलूताईंनी पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं. "आता आईला थोडे दिवस लेकीचं सुख मिळू दे," असं. कायमचं आणि थोडे दिवस ही दोन्ही एकाच पत्रात होती, त्यामुळे काय ते नीट कळत नव्हतं.

तीन दिवस जेवणाच्या पानावर एकच नाटक चाललं होतं. दिनकरराव म्हणायचे, "ते काही नाही, आई आता आमच्याकडेच." अरविंद म्हणायचा, "भलतंच. मुलगा असताना आई जावयाकडे राहते होय?" दिनकरराव म्हणायचे, "जावई मुलासारखाच." अरविंद म्हणायचा, "सारखा, पण मुलगा नाही." मग दोघं हसायचे आणि आमटी मागायचे. आपल्याकडे ताटातला शेवटचा लाडू ज्या जोराने एकमेकांकडे सरकवतात, तोच जोर होता, फक्त इथे दोघं ताट आपल्याकडे ओढत होते. आईंना कोणी विचारलं नव्हतं. आग्रह रंगात आला की ज्याच्याबद्दल तो चाललाय त्याला विचारायची पद्धत आपल्यात नाही.

लेण्यांची बातमी अरविंदला वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कारखान्यात मिळाली होती. तिथे त्याच्या शेजारच्या टेबलावर डोंबिवलीचे एक गृहस्थ बसत. डोंबिवलीत दर तिसऱ्या माणसाकडे एखाद्या विषयावरचं व्याख्यान तयार असतं. यांचा विषय होता भुयारं. त्यांनी अरविंदला सांगितलं की भिवंडी-कल्याण रस्त्यावर एका आगरी गावाच्या मागे जमिनीखाली कोरलेलं लेणं आहे, आणि त्यातून निघालेलं भुयार खाडीच्या तळाखालून थेट कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यात निघतं. पुरावा म्हणून एक बकरी होती. ती इकडून आत गेली आणि तिसऱ्या दिवशी किल्ल्यावर चरताना सापडली. मी लहानपणापासून किमान पाच भुयारांच्या गोष्टी ऐकल्यात आणि प्रत्येकात ही बकरी आहे. तालुका बदलला की तिचा रंग बदलतो.

अरविंदने हे सगळं पाहुण्यांना ऐकवलं, आणि त्यात भर म्हणून, "मी स्वतः बरंच आतपर्यंत जाऊन आलोय," असंही ठोकून दिलं. मी भाकरी थापत होते. मी वर पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"आमच्या दौलताबादच्या अंधारीसारखं आहे का?" दिनकररावांनी विचारलं.

"अंधारी काय, तिथे मार्गदर्शक पलिते घेऊन फिरतात. हे अस्सल आहे."

झालं. रविवारी निघायचं ठरलं. मनूचा क्लास होता म्हणून ती सुटली. आईंचा गुडघा दुखत होता, पण त्या म्हणाल्या, "मी येणार. सगळे माझ्याबद्दल बोलणार आणि मी घरी बसून काय करू?" आम्ही सगळे हसलो.

बाळकुम ते फाटा

डेपो घरामागेच, म्हणून आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं होतं की आमच्याकडे गाडी दारात मिळते. दारात मिळाली, पण पाऊण तासाने. भिवंडीची एस.टी. बाळकुमवरून काशेलीच्या पुलाकडे निघाली. तेव्हा बाळकुमला अजून शेतं होती, मध्येच एखादा कारखाना. दिनकररावांनी खिडकीतून पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला.

"हा वास कसला?"

"खाडीचा," अरविंद म्हणाला. "तब्येतीला चांगला असतो."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. दिनकररावांनी मग औरंगाबादच्या कोरड्या हवेचं वर्णन केलं. त्यांच्याकडे हवा कोरडी, पाणी हलकं, माणसं मोकळी. पाणी हलकं असलं तरी दिवसाआड येतं, हे नलूताईंच्या तोंडून निसटलं. त्यावर दिनकरराव म्हणाले की रोज पाणी आलं की माणूस आळशी होतो. ठाण्याचं एवढं एक कौतुक त्यांच्याकडून आम्हाला मिळालं.

भिवंडीला गाडी बदलली, कल्याणच्या गाडीत बसलो आणि कंडक्टरने एका फाट्यावर उतरवलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांनी आमचं काही वाईट केलेलं नाही. फाट्यावरून मैलभर चालायचं होतं, रस्ता सपाट होता. दोन्ही बाजूंना भात कापून झालेली खाचरं आणि त्यांत लावलेला वाल. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. मध्येच म्हणाल्या, "औरंगाबादला वाल मिळतो का गं?" मी म्हटलं, "मिळत असेल की." 

लेणं

लेणी म्हटलं की आपण मान वर करून डोंगराकडे बघतो. इथे मान खाली घालावी लागते. सपाट कातळ चालत जातो आणि एका जागी एकदम खाली खणलेला चौक लागतो, त्यात उतरायला वीस-पंचवीस उंच पायऱ्या. खाली खांबांचा ओटा, मागे एक अंधारी खोली, आणि खोलीच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून शिरण्याएवढं बिळासारखं तोंड. तेच भुयार.

आईंना त्या पायऱ्या जमणार नव्हत्या. वर कातळावर एक आगरी बाई वालाच्या शेंगा पसरून बसली होती. पन्नाशीची, हिरवं लुगडं आणि तोंडभर हसू. नाव हिराबाई. तिने आईंना हाताने खूण केली.

"यं बस गो आये माझ्याजवल. खाली काय नाय बघासारखं."

"भुयार आहे ना?" मी विचारलं.

"हाय त. त्यान माझा पेंढा ठेवलाय. पावसान भिजत नाय."

अरविंदने हे ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. तो पायऱ्या उतरत दिनकररावांना खांबांचं वय सांगत होता. वय पायरीगणिक शंभर वर्षांनी वाढत होतं. मी आणि नलूताई मागोमाग उतरलो. खांबांवर चांगली नक्षी असावी, पण आता झिजून लोण्यासारखी गुळगुळीत झालेली. कोणीतरी तिच्यावर कोळशाने आपलं आणि एका मुलीचं नाव लिहिलं होतं. दिनकररावांनी सगळ्याला हात लावून पाहिला आणि निकाल दिला, "बरं आहे. वेरुळात अशी आम्ही बघतसुद्धा नाही."

अरविंदचे कान लाल झाले. त्याने पिशवीतून बॅटरी काढली. तिच्यात सेल नव्हते, ते सकाळीच रेडिओत घातले होते. शेवटी दोन मेणबत्त्या पेटवल्या. "तुम्ही बायका वर जा, आत हवा कमी असते," असं सांगून आमचा दोन हजार वर्षं जुना इतिहास आणि त्याचा औरंगाबादी परीक्षक रांगत रांगत बिळात शिरले. आधी अरविंद, मागून दिनकरराव. त्यांची सफारीची पँट आत जाईपर्यंत मी पाहिली. मग वटवाघळांच्या वासाने नलूताईंना मळमळायला लागलं आणि आम्ही वर आलो.

कातळावर

वर ऊन छान होतं. आई आणि हिराबाई शेंगा सोलत बसल्या होत्या, जणू त्यांचं हे रोजचंच काम. मी डबे उघडायला घेतले. थालीपिठं, लोणी, लसणीची चटणी. हिराबाईने मडक्यातल्या उकडलेल्या शेंगा पुढे केल्या, मीठ आणि ओवा लावलेल्या. मी तशा शेंगा त्याआधी खाल्ल्या नव्हत्या. नलूताई दोन खाऊन थांबल्या आणि मग वीस खाल्ल्या.

तेवढ्यात आईंच्या शेजारून दिनकरराव म्हणाले, "संपलं?"

आम्ही दचकलो. आईंच्या हाताशी कातळात एक भोक होतं, घागरीच्या तोंडाएवढं. शेजारी एक चपटा दगड पडलेला.

"संपलं," भोकातून अरविंदचा आवाज आला. "पेंढा आहे. त्याच्यामागे भिंत."

हिराबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पोरां आतमन लपाछपी खेलतान तवा आमी वरशी ऐकताव, कोन कय लपलाय त. पाउस आला की यो धोंडा ठेवाचा."

"माती पडून बुजलं असेल," खालून अरविंद.

"बुजलेलं नाही. छिन्नीच्या खुणा दिसतायत. पंधरा हात असेल फार तर." दिनकररावांचा आवाज जरा खाली आला. "लगेच बाहेर नको जायला. बसा जरा. एवढं आलोय तर अर्धा तास तरी व्हायला हवा."

"हो, नाहीतर बायका हसतील," अरविंद कृतज्ञतेने म्हणाला.

आम्ही हसतच होतो, आवाज दाबून. मग काडी ओढल्याचा आवाज आला आणि भोकातून निळसर धूर वर आला. दिनकररावांनी सिगरेट सोडल्याला पाच वर्षं झाली होती, निदान नलूताई सगळ्यांना तसं सांगायच्या. त्या ताडकन उठल्या. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत भोक पुन्हा बोललं.

"अरविंदराव, एक विचारू? आई खरंच यायला तयार आहेत का?"

"तिचं काय, आपण म्हणू तसं. तुम्ही एवढा आग्रह करताय, म्हणून मी फार ताणत नाही."

"मी करतोय तो तुम्ही सोडत नाही म्हणून. जावयाने चार वेळा म्हणायला नको? मला वाटलं तुम्ही शेवटपर्यंत नाहीच म्हणाल."

"म्हणजे तुम्हाला न्यायचं नाहीये?"

"न्यायचं नाही असं कसं म्हणू? नलूचा जीव आहे. पण आमची आई आहे घरात. दोन म्हाताऱ्या, एक स्वयंपाकघर. पाण्याचं तुम्ही ऐकलंतच. तुम्ही मुलगा, तुम्ही ठाम राहाल अशी माझी समजूत होती."

"मी मुलगा म्हणून 'नाही' म्हणतोय. म्हणावं लागतं." मग पेंढा सळसळला. मला वाटलं संपलं. "मनूला अभ्यासाला जागा नाही. आणि रात्रभर आई खोकते. मी जागा राहतो आणि मला तिचा राग येतो. स्वतःच्या आईचा. सकाळी तिच्या तोंडाकडे बघवत नाही मला."

"मग आता?"

"आता दोघांनी आग्रह जरा कमी करू. बघू कुठे जातंय ते."

नलूताईंनी तो दगड उचलला आणि भोकावर ठेवायला वाकल्या. आईंनी त्यांचं मनगट धरलं. "राहू दे गं, आवाज होईल," त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग सोलायला घेतली. हिराबाई हसायची थांबली होती. तिने आईंच्या पुढ्यातली टरफलं आपल्या हाताने गोळा केली आणि शेंगांची ओंजळ त्यांच्यापुढे ओतली.

मला अरविंदचा संताप आला. दिनकररावांचाही आला. पण लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते. त्याच्या आदल्या आठवड्यात मी शिवणाच्या टेपने आईंची खाट मोजली होती. ती निघाली तर तिथे मनूचं टेबल बसतं, वर चार बोटं जागाही उरते. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते आणि भुयारात तर मी गेलेच नव्हते.

बरोबर अर्ध्या तासाने दोन्ही शूर वर आले. केसांत पेंढा, कोपरांना माती, चेहऱ्यावर मोहीम फत्ते केल्याचा थकवा.

"हवा कमी पडायला लागली म्हणून फिरलो," अरविंद म्हणाला. "पुढे अजून पुष्कळ आहे."

"पुष्कळ," दिनकररावांनी दुजोरा दिला. "दौलताबादच्या तोडीचं आहे हो. मानलं." ठाण्याला औरंगाबादने दिलेली ही पहिली मान्यता. तीन दिवस जिच्यासाठी माझा नवरा झुरत होता ती मिळाली, आणि ती पेंढ्यात बसून ठरली होती.

"माझा पेंढा इस्कटलाव नाय ना?" हिराबाईने विचारलं. दोघांपैकी कोणालाच ते ऐकू आलं नाही.

जेवताना नवं नाटक सुरू झालं. "आई, तुमच्या मनाला येईल तसं करा," दिनकरराव म्हणाले. "हो ना, आईची इच्छा महत्त्वाची," अरविंद म्हणाला. "आमचा अजिबात आग्रह नाही." "आमचाही नाही." तीन दिवस ज्या बाईला दोन बाजूंनी ओढलं, तिला आता दोन्ही बाजूंनी इतकं स्वातंत्र्य मिळत होतं की तिला उभं राहायला जागा उरली नव्हती. नलूताई थालीपिठाचे बारीक तुकडे करत होत्या आणि एकही खात नव्हत्या. आई म्हणाल्या, "पाणी द्या कोणीतरी." दोघंही एकदम उठले.

निघताना हिराबाईने आईंच्या ओटीत सोललेला वाल घातला, चांगला दोन शेर. "परत ये गो," एवढंच म्हणाली. 

कल्याणच्या पुलावर

फाट्यावर भिवंडीची गाडी येईना. आली ती कल्याणची, तीच पकडली. कल्याणहून ठाण्याला जाता येतंच. जागा मिळाल्या त्या समोरासमोर, अगदी मागे. सगळे दमलेले. खाडीचा पूल आला आणि पलीकडे दुर्गाडी दिसायला लागला. बकरी जिथे निघाली तो. अरविंदने तो पाहुण्यांना दाखवला नाही.

आई खिडकीतून बाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "दिनकरराव, सिगरेट कमी करा. छातीला वाईट."

दिनकररावांनी खिशावर हात ठेवला, मग नलूताईंकडे पाहिलं. नलूताई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या, पदराने डोळे पुसत होत्या. एकेक गोष्ट दिनकररावांच्या लक्षात येत गेली. अरविंदला जरा वेळ लागला. तो आधी दिनकररावांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. त्याच्या केसांत अजून एक काडी होती. ती काढावी असं मला वाटलं नाही.

"आई..." तो म्हणाला.

"तुझं ऐकलं मी," आई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "यांचंही ऐकलं. नलू बिचारी रडते आहे ते दिसतंच आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू आत गेली नव्हतीस. तुझं मला ऐकू आलं नाही."

मी पूल बघत होते. पुलाखालचं पाणी बघत होते. मला खाट दिसत होती आणि टेप दिसत होती. मला त्या हव्या होत्या, खरंच हव्या होत्या. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती, ते त्यांनी चार भिंतींच्या बाहेर जाऊ दिलं नव्हतं. आणि तरी तोंडातून शब्द लगेच निघाला नाही. गाडी पूल उतरली, किल्ल्याशी थांबली, दोन माणसं उतरली, कंडक्टरने घंटी दिली.

"राहा ना, आई," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बरं."

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. आई आमच्याकडे राहिल्या, त्यानंतर आठ वर्षं. मनूचं टेबल स्वयंपाकघरात बसलं, कसंबसं. ते आईंनीच सुचवलं. आणि त्या दिवसापासून रात्री त्यांचा खोकला बंद झाला. महिनाभर आम्हाला वाटलं हवा मानवली. मग एकदा मी पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिलं, त्या उशीत तोंड खुपसून, अंगाची घडी करून खोकत होत्या. पाठ हलत होती पण आवाज नव्हता. मी अरविंदला सांगितलं.  तिसऱ्या दिवशी सकाळी तो धीर करून त्यांच्या खाटेशी जाऊन बसला आणि म्हणाला, "आई, तू मोकळेपणी खोकत जा गं."

आई वाल निवडत होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"मला कुठे आहे खोकला?" त्या म्हणाल्या.